ऐश म्हणजे भाकरी: अरब देशांतला एक जुना सौदा

मराठीत ‘ऐश करणे’ म्हणजे चैन करणे. शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ साधा आहे: जगणं. आपल्याकडे पोचेपर्यंत त्याला अत्तर लागलं. कैरोत मात्र तुम्ही दुकानात ‘ऐश’ मागितलीत तर दुकानदार हातात रोटी ठेवेल. कोंड्यासकट पिठाची, भट्टीत टम्म फुगलेली, गोल. बाकीचे अरब रोटीला ‘खुब्ज’ म्हणतात. इजिप्तच्या लोकांनी तिला सरळ ‘जगणं’च म्हणून टाकलं. २०११ च्या जानेवारीत अध्यक्ष होस्नी मुबारक यांच्याविरुद्ध कैरोच्या तहरीर चौकात जमलेली गर्दी ज्या तीन गोष्टींसाठी घसा फोडून ओरडत होती, त्यांतली पहिली हीच होती. भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. त्याच क्रमाने.

आपल्याकडे त्या उठावाची बातमी आली ती ‘फेसबुक क्रांती’ म्हणून. म्हातारा हुकूमशहा आणि मोबाइलवाली पोरं, अशी सुटसुटीत गोष्ट. ती खोटी नाही, पण घोषणेत भाकरी आधी का, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी साठ-सत्तर वर्षं मागे जावं लागतं, कुठेही न लिहिलेल्या एका सौद्यापाशी.

१९५२ मध्ये इजिप्तच्या लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी राजाला घालवलं. थोड्याच काळात सगळी सूत्रं गमाल अब्दुल नासर यांच्या हाती आली. त्यांनी बड्या जमीनदारांच्या जमिनी काढून वाटल्या, कारखाने सरकारी केले, विद्यापीठातलं शिक्षण फुकट केलं आणि १९६४ मध्ये कायदाच केला की पदवी घेईल त्याला सरकार नोकरी देईल. जोडीला स्वस्त रोटी, स्वस्त तेल-साखर. बदल्यात लोकांनी काय द्यायचं? पक्ष काढायचा नाही, संप करायचा नाही, सरकारबद्दल जे वाटेल ते घरात बोलायचं. राज्यशास्त्राचे अभ्यासक याला हुकूमशाहीतला सौदा म्हणतात. सीरिया, इराक, अल्जीरिया, ट्युनिशिया यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे तो केला. आखाती राजांनी तेलाच्या जोरावर तोच सौदा बराच घसघशीत केला.

हा सौदा म्हणजे निव्वळ फसवणूक होती असं मला वाटत नाही. ज्याच्या बापाने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला, तो पोरगा इंजिनिअर होऊन सरकारी कचेरीत बसला, तर त्याने गप्प राहणं कबूल केलं यात नवल काय? अडचण पुढे आली. लोकसंख्या वाढली, तिजोरी आटली. आणि नागरिक ज्याला आपला हक्क समजत होता, त्याला सरकार मनातून खैरातच समजत होतं. गंमत अशी की हक्क आणि खैरात हे दोन्ही शब्दही आपल्याला अरबीनेच दिलेत.

रोटीचा कारभार चालतो तो असा. सरकार गहू विकत घेतं, थोडा आपल्या शेतकऱ्यांकडून आणि पुष्कळसा परदेशातून. इजिप्त हा जगातल्या सर्वांत मोठ्या गहू आयातदारांपैकी एक. पीठ ठरलेल्या भट्ट्यांना मिळतं आणि कार्डधारकाला माणशी रोज पाच रोट्या ठरलेल्या दराने. आपल्या रेशनसारखंच, फक्त धान्याऐवजी भाजलेली रोटी. हा लाभ घेणारे सुमारे ७ कोटी लोक आहेत. पूर्वी भट्टीवाले स्वस्त पीठ काळ्या बाजारात विकून मोकळे व्हायचे, म्हणून २०१४ पासून इलेक्ट्रॉनिक कार्डं आली. रोटीचा भाव होता ५ पियास्टर, म्हणजे इजिप्तच्या पौंडाचा विसावा भाग. हा भाव १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जून २०२४ पर्यंत हलला नाही. बाकी सगळं कितीतरी पटींनी महाग झालं, पण रोटी पाच पियास्टरला. भाव वाढवायची छाती नव्हती, म्हणून सरकारने वजन घटवलं. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यात झालं तसंच. रोटी ९० ग्रॅमवर आली.

छाती नव्हती, त्याला कारण १९७७. नासर यांच्यानंतरचे अध्यक्ष अन्वर सादात यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या सल्ल्याने पीठ, तांदूळ, तेल यांवरचं अनुदान कापलं. १८ आणि १९ जानेवारीला अलेक्झांड्रियापासून आस्वानपर्यंत देश पेटला. सव्वातीन वर्षांपूर्वीच सुएझ कालवा ओलांडून इस्रायलशी लढल्याबद्दल सादात ‘ओलांडणीचा वीर’ म्हणून मिरवत होते. लोकांनी यमक जुळवून विचारलं, ‘ओलांडणीच्या वीरा, न्याहारी कुठाय आमची?’ लष्कर उतरलं, सुमारे ८० माणसं मेली. मग भाव जुन्या जागी आले. सादातांनी या प्रकाराला ‘चोरांचा उठाव’ म्हटलं. अरबीतला त्यांचा शब्द होता ‘हरामिय्या’, त्याचं मराठी सांगायला नको. सात वर्षांनी ट्युनिशियात हुबेहूब तेच: पावाचा भाव एकदम दुपटीवर, दक्षिणेतल्या गरीब गावांतून दंगल, गोळीबार, आणि ६ जानेवारी १९८४ ला अध्यक्ष हबीब बुर्गिबांनी स्वतः जाहीर केलं की दरवाढ रद्द. मोरोक्को आणि जॉर्डनमध्येही अशाच फेऱ्या झाल्या.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. पण तिच्यातला ‘नागरिक’ हा बहुधा पुरुष असतो. बाईशी हा सौदा कोणी केला होता?

तिच्या वाट्याला एक निराळाच सौदा आला होता, घरातला. इजिप्तचे १९२० आणि १९२९ चे कौटुंबिक कायदे दोन शब्दांवर उभे होते: ‘नफका’ आणि ‘ताअ’. नवऱ्याने बायकोला खायला-प्यायला, कपडालत्ता, छप्पर द्यायचं, तो नफका. बदल्यात तिने त्याच्या आज्ञेत राहायचं, तो ताअ. ती घर सोडून गेली तर नफका बंद. इतकंच नाही, तर १९६७ पर्यंत नवरा कोर्टाचा हुकूम घेऊन पोलिसांकरवी तिला ‘आज्ञेच्या घरी’ ओढत परत आणू शकत असे. आता हे दोन सौदे शेजारी ठेवून पाहा. सरकार नागरिकाला म्हणतं, मी पोसतो, तू गप्प बस. नवरा बायकोला म्हणतो, मी पोसतो, तू गप्प बस. सामाजिक सुरक्षेची सगळी इमारत या दोन मजल्यांची आहे. रेशनकार्ड कुटुंबाचं, कुटुंबप्रमुख नवरा, पेन्शन त्याची, विमा त्याचा. बाईपर्यंत यायचं ते त्याच्या हातून. तो मेला, पळाला किंवा त्याने तलाक दिला की दोन्ही मजले एकदम अंगावर.

या इमारतीत बाईला स्वतःचा असा एकच दरवाजा होता: सरकारी नोकरी. १९६४ च्या हमीत बाई-पुरुष भेद नव्हता. पगार सारखा, बाळंतपणाची रजा, दुपारी घरी परत, म्हातारपणी स्वतःच्या नावाची पेन्शन. शिकलेल्या मुली शाळांत, दवाखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत भरती झाल्या. पुढे १९८० च्या दशकात ही हमी कागदावरच राहिली. पदवी घ्यायची आणि नेमणुकीची दहा-दहा वर्षं वाट पाहायची. नव्वदीत खासगीकरण आलं. पुरुष खासगी कंपनीत, टॅक्सीवर, आखातात कुठे तरी लागला. बाईला खासगी मालक घेईना, कारण तिला रजा द्यावी लागते. आणि घरचे लांब पाठवीनात. आज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत पाच बायकांमागे जेमतेम एक नोकरी-व्यवसायात आहे किंवा काम शोधते आहे. जगात हे प्रमाण सर्वांत खाली असलेल्या प्रदेशांपैकी हा एक. आणि अनेक देशांत विद्यापीठात मुली मुलांच्या बरोबरीने किंवा जास्त! याचं सगळं खापर धर्मावर फोडणारे लोक मला फार घाईत असल्यासारखे वाटतात. दरवाजा कोणी आणि कधी बंद केला ते आधी पाहावं.

मग हक्कांचं काय? तेही वरून आले, रोटीसारखेच.

इजिप्तच्या दोरिया शफीक यांचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. १९५१ मध्ये त्या सुमारे दीड हजार बायका घेऊन थेट संसदेत घुसल्या. १९५४ मध्ये मताच्या हक्कासाठी त्यांनी उपोषण केलं. १९५६ च्या राज्यघटनेने बायकांना मत दिलं. पण पुरुषाचं नाव यादीत आपोआप, बाईने मात्र अर्ज करायचा. आणि त्याच सुमारास स्वतंत्र स्त्री-संघटना सरकारने गुंडाळायला घेतल्या. १९५७ मध्ये शफीक पुन्हा उपोषणाला बसल्या, या वेळी नासर यांच्या हुकूमशाहीविरुद्ध. आणि बसल्या कुठे, तर कैरोतल्या भारतीय वकिलातीत. त्यानंतर त्या नजरकैदेत गेल्या, त्यांचं मासिक बंद पडलं. सरकारचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर: हक्क देऊ, पण मागायचे नाहीत.

वरून आलेल्या हक्काला देणाऱ्याचं नाव चिकटतं. सादात यांच्या काळात, १९७९ मध्ये, बायकोला न कळवता दुसरं लग्न करायला आळा घालणारा आणि घटस्फोटितेला घरात राहू देणारा कायदा आला. संसदेची बैठक नसताना अध्यक्षांच्या वटहुकमाने आला. लोक त्याला ‘जिहानचा कायदा’ म्हणत, सादातांच्या पत्नीच्या नावावरून. सादात गेले, आणि १९८५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो वटहुकमाच्याच मुद्द्यावर रद्द केला. पुढे त्याची सौम्य आवृत्ती परत आली, ती बायकांनी आरडाओरडा केला म्हणून.

ट्युनिशियाचा इतिहास जास्त उजळ आहे. १३ ऑगस्ट १९५६, स्वातंत्र्याला अजून पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा बुर्गिबांनी कौटुंबिक संहिता आणली. बहुपत्नित्वावर बंदी, एकतर्फी तलाक बंद, घटस्फोट फक्त कोर्टात. अरब जगात असं काही नव्हतं. १९९३ मध्ये पत्नीच्या आज्ञाधारकपणाचं कलमही गेलं, आणि २०१७ मध्ये स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध व्यापक कायदा झाला. पण त्याच देशातल्या सिदी बुझिद भागात जा, जिथे डिसेंबर २०१० मध्ये मोहम्मद बुअझिझी या भाजीविक्या तरुणाने पालिकेच्या जाचाला कंटाळून पेटवून घेतलं आणि अरब उठावांची सुरुवात झाली. तिथल्या शेतमजूर बायका पहाटे पिकअपच्या मागच्या हौद्यात दाटीवाटीने उभ्या राहून रानात जातात. एप्रिल २०१९ मध्ये तिथेच अशी एक गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली आणि डझनभर माणसं मेली, बहुतेक शेतमजूर बायका. यांच्यासाठी सवतीला बंदी होती, कोर्टात न्याय होता, कागदावर सगळं होतं. नव्हता तो विमा, नव्हती ती बसायची जागा. अपघातानंतर शेतमजुरांच्या वाहतुकीचा कायदा झाला. पिकअप मात्र बंद झाल्या नाहीत.

आता ती फेसबुकची गोष्ट पुन्हा घेऊ. डिसेंबर २००६. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं महल्ला अल-कुब्रा, म्हणजे इजिप्तचं गिरणगाव. सरकारी कापडगिरणीत २४ हजारांहून जास्त कामगार. सरकारने कबूल केलेला दोन महिन्यांचा बोनस आला नाही. आधी काम टाकलं ते कपडे शिवणाऱ्या खात्यातल्या सुमारे तीन हजार बायकांनी. त्या चालत सूतकताई आणि विणाईच्या खात्यांकडे गेल्या, जिथे पुरुषांची यंत्रं अजून चालू होती, आणि ओरडायला लागल्या, ‘पुरुष कुठायत? बायका इथं आहेत!’ यंत्रं थांबली. चार दिवसांत सरकार नमलं. पुढच्या दोन वर्षांत देशभर संपांची लाट आली. २००८ मध्ये जगभर गहू महागला, रोटीच्या रांगांत मारामाऱ्या होऊन माणसं मेली, लष्कराला भट्ट्या चालवाव्या लागल्या. ६ एप्रिल २००८ ला महल्लात पुन्हा संपाची हाक होती. तिला पाठिंबा म्हणून कैरोतल्या काही तरुणांनी फेसबुकवर गट काढला आणि त्याचं नावच ठेवलं ‘६ एप्रिल’. त्या गटातली अस्मा महफूझ ही तरुणी १८ जानेवारी २०११ ला कॅमेऱ्यासमोर बसून म्हणाली की मी २५ तारखेला तहरीरला जाणार आहे, स्वतःला मर्द समजत असाल तर तुम्हीही या. महल्लातल्या बायकांचाच टोमणा, चार वर्षांनी, दुसऱ्या तोंडून.

११ फेब्रुवारीला मुबारक यांची सत्ता गेली. ८ मार्चला महिला दिनाचा मोर्चा घेऊन बायका त्याच चौकात आल्या तेव्हा पुरुषांच्या टोळक्याने त्यांना घेरून ‘घरी जा’ म्हणून हुसकलं. दुसऱ्या दिवशी लष्कराने पकडलेल्या मुलींची ‘कौमार्य चाचणी’ केली. समीरा इब्राहिम या एका मुलीने थेट कोर्टात दावा ठोकला आणि डिसेंबरमध्ये प्रशासकीय न्यायालयाने अशा चाचण्या बेकायदा ठरवल्या. डॉक्टरला मात्र लष्करी कोर्टाने सोडून दिलं. पहिला मजला हलला, की दुसऱ्या मजल्यावरचे लोक आपली दारं आणखी घट्ट लावतात, असा काहीसा प्रकार.

त्यानंतर रोटीचा सौदाही नव्याने लिहिला गेला. २०१६ मध्ये इजिप्तने नाणेनिधीकडून १२ अब्ज डॉलरचं कर्ज मान्य करून घेतलं, पौंड मोकळा सोडला, इंधनाचे भाव चढवले. नाणेनिधीचं म्हणणं अगदीच चूक नाही: अनुदानाचं स्वस्त पेट्रोल गाडीवाल्यालाच जास्त मिळतं, त्यापेक्षा गरिबाच्या हातात रोख द्या. २०१५ मध्ये सुरू झालेली ‘तकाफुल आणि करामा’ योजना तेच करते. तकाफुल म्हणजे एकमेकांना आधार, करामा म्हणजे आब. तकाफुलमध्ये मुलं शाळेत आणि दवाखान्यात जात असतील तर रोख रक्कम मिळते, ती बहुतांशी आईच्या कार्डावर. बाईला सरकारकडून थेट, नवऱ्याला वळसा घालून पैसे मिळणं ही त्या देशात लहान गोष्ट नाही. पण रोटी सर्वांची होती म्हणून तिच्यासाठी सगळे एकदम रस्त्यावर यायचे. यादीवरच्या बाईचं नाव यादीतून गेलं तर तिच्यासाठी कोण येणार? मार्च २०१७ मध्ये रोटीच्या कोट्यात थोडी काटछाट झाली तेव्हा काही शहरांत लोक रस्ते अडवून उभे राहिले, त्यांत बायका पुष्कळ होत्या, आणि निर्णय लगेच फिरला. १ जून २०२४ ला रोटी पाचवरून थेट २० पियास्टर झाली. चौपट. या वेळी देश पेटला नाही. निदर्शनांवर २०१३ च्या कायद्याने आधीच कुलूप पडलेलं होतं.

ट्युनिशियाने आणखी एक चमत्कारिक दृश्य दाखवलं. २०२१ मध्ये अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवून सगळे अधिकार स्वतःकडे घेतले आणि दोन महिन्यांनी नजला बुदेन यांना पंतप्रधान नेमलं, अरब जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान. जगभर बातमी झाली. पंतप्रधानपदात तोवर काही उरलेलंच नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये पावासाठी रांगा लागल्या असताना सईद यांनी त्यांना काढून टाकलं.

आखाताबद्दल थोडक्यात. तिथे सौदा अजून टिकून आहे, कारण पैसा आहे. २०११ मध्ये शेजारी पेटल्यावर सौदी राजाने नागरिकांसाठी १०० अब्ज डॉलरहून मोठं पॅकेज जाहीर केलं. २०१८ च्या जूनमध्ये सौदी बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या लुजैन अल-हथलूल महिनाभर आधीच तुरुंगात गेल्या होत्या. दोरिया शफीक यांची आठवण होते ती इथे. शिवाय या सौद्यात फक्त नागरिक बसतो. रत्नागिरी-रायगडातून किंवा गोव्यातून तिकडे गेलेल्या माणसाची हमी कफील, म्हणजे हमीदार मालक, याच्या हाती असते, आणि घरकामाला गेलेल्या बाईची तर बहुतेक सगळीच.

आता सुदान, कारण तिथे रोटी आणि बाई एकाच रस्त्यावर भेटल्या. ओमर अल-बशीर यांच्या तीस वर्षांच्या राजवटीत ‘सार्वजनिक शिस्त’ कायदा होता. बाईने पँट घातली म्हणून फटक्यांची शिक्षा होऊ शकत होती. त्याचा सर्वांत जास्त मार बसला तो राजधानी खार्टूमच्या चहावाल्या बायकांना. दुष्काळ आणि दारफूरसारख्या प्रांतांतल्या लढायांमुळे शहरात आलेल्या, नवरा नसलेल्या, झाडाखाली कोळशाची शेगडी मांडून मसाल्याचा चहा विकणाऱ्या. पोलीस धाड घालून किटल्या आणि स्टुलं उचलून न्यायचे. दंड भरून सोडवायची ती. सरकारचा त्यांच्याशी तेवढाच संबंध. अवादेया महमूद कोको या चहावालीने अशा बायकांची सहकारी संस्था उभी केली, स्वतः तुरुंगात जाऊन आली.

डिसेंबर २०१८ मध्ये पावाचा भाव एका पौंडावरून तीनवर गेला आणि अतबारा या रेल्वेच्या गावातून आंदोलन सुरू झालं. मोर्च्यांत बायका इतक्या की जुन्या न्युबियन राण्यांच्या ‘कंदाका’ या पदवीने लोक त्यांना हाका मारू लागले. एप्रिल २०१९ मध्ये खार्टूममध्ये लष्कराच्या मुख्यालयासमोर ठिय्या पडला तेव्हा चहावाल्या बायकांनी तिथेच चुली मांडल्या. ११ एप्रिलला बशीर यांची सत्ता गेली. ३ जूनला ठिय्या रक्तात बुडवला गेला, बायकांवर बलात्कार झाले. तरी नोव्हेंबरमध्ये तो शिस्तीचा कायदा रद्द झाला. मग २०२१ मध्ये पुन्हा लष्करी उठाव, आणि १५ एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि निमलष्करी दल यांचं युद्ध.

सरकार नावाची वस्तू खार्टूममधून नाहीशी झाली तेव्हा गल्लोगल्ली शेजाऱ्यांनी मदतगट उभारले. त्यांनी लोकांच्या वर्गणीवर आणि बाहेरून आलेल्या पैशांवर सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली: मोठं पातेलं, मसूर किंवा ‘फूल’ नावाच्या घेवड्यासारख्या मोठ्या दाण्यांचं कालवण, डबा घेऊन आलेल्याला एक डाव. चुलीपाशी बहुतेक बायका. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत गोठवली आणि त्यांतली शेकडो स्वयंपाकघरं काही दिवसांत बंद पडली. जी चालू राहिली त्यांतली काही दिवसातून एकदाच वाढू लागली.